रोजनिशी : मोजमाप आणि साक्ष

१

'रोजनिशी' हा शब्द मराठीत दफ्तराच्या वाटेने रुजला. पेशवाईच्या कारभारात रोजनिशी म्हणजे हुकूम, नेमणुका, इनामे, निवाडे आणि जमाखर्च यांची दिवसवार नोंद. या दफ्तरातून गणेश चिमणाजी वाड यांनी निवडलेले उतारे विसाव्या शतकाच्या आरंभी ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्यांना जोडूनच न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० साली लिहिलेली प्रस्तावना आजही वाचनीय ठरते. बखरकारांचे आणि इंग्रज इतिहासकारांचे लक्ष लढाया व राजकारणे यांतच गुंतून राहिले. लोक कसे जगत होते, कशाला दंड होत होता आणि कशाला मुभा होती, हे पाहायचे तर या नोंदींकडे वळले पाहिजे, असा रानड्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. रोजच्या वर्तनाचा शोध रोजनिशीच्या आधारे घेण्याचा हा मराठी प्रदेशातील एक आरंभीचा प्रयत्न म्हणता येईल. मात्र त्या नोंदी करणाऱ्या कारकुनांना आपण पुढे कोणाच्या अभ्यासाचे साधन होणार आहोत याची वार्ताही नव्हती. त्यांनी सरकारसाठी लिहिले आणि रानड्यांनी ते समाजासाठी वाचले.

रोजनिशीची दुसरी परंपरा आत्मपरीक्षणाची आहे. या परंपरेत दिवसाचा हिशेब असतो, पण तो मन स्वतःकडे मागते. गांधीजींनी आश्रमवासीयांना रोजनिशी ठेवण्याचा आग्रह धरला तो याच भूमिकेतून. नोआखालीच्या यात्रेत, १९४६-४७ मध्ये, मनुबेन गांधी जी रोजनिशी लिहीत असत ती गांधीजी स्वतः वाचत आणि तिच्यावर सही करीत. खाजगी लेखन आणि दुसऱ्याच्या नजरेखालचे लेखन यांच्यातील सीमारेषा किती अस्थिर असते याचे हे बोलके उदाहरण आहे. लिहिणारीला वाचणारा ठाऊक आहे. त्याला खरे सांगायचे आहे आणि त्याच्या नजरेत उतरायचेही नाही. या दोन इच्छा एकाच वाक्यात नांदत असतात.

या दोन परंपरांना विसाव्या शतकात एक तिसरी येऊन मिळाली. सामान्य माणसाच्या हाती छापील वही द्यायची, दिवसभर काय केले ते त्यानेच वेळेनुसार लिहावे असे सांगायचे आणि अशा शेकडो वह्यांतून माणसांच्या वर्तनाची सरासरी काढायची, ही ती परंपरा होय. सोव्हिएत रशियात स्त्रुमिलिन यांनी १९२० च्या दशकात कामगार कुटुंबांच्या वेळेचे ताळेबंद मांडले. सोरोकिन यांचा वेळेच्या अंदाजपत्रकांवरील ग्रंथ १९३९ साली आला. १९६० च्या दशकाच्या मध्यास अलेक्सांडर सलाई यांच्या नेतृत्वाखाली १२ देशांत एकाच पद्धतीने दिवसाच्या नोंदी गोळा करण्यात आल्या. आज आहारशास्त्र, वेदनाचिकित्सा, मानसशास्त्र आणि अर्थशास्त्र या सर्वांना अशी रोजनिशी हवी असते. तिचे बाह्यरूप दफ्तरी रोजकीर्दीचे आहे, परंतु ती जे मागते ते दुसऱ्या परंपरेतले, माणसाच्या खाजगी दिवसातले आहे. या संकरातून जो नैतिक प्रश्न उभा राहतो त्याचा विचार साहित्यसमीक्षेनेही करायला हवा. कारण अखेर प्रश्न एका लेखनप्रकाराचा आहे.

२

प्रथम या मोजमापाच्या बाजूने जे म्हणता येते ते नीट मांडले पाहिजे. मोजण्याविषयी साहित्यिकांच्या मनात एक सोयीस्कर तिटकारा असतो. माणूस आकड्यांत मावत नाही असे म्हटले की विचार संपल्याचे समाधान मिळते. पण जे मोजले गेले नाही ते पुष्कळदा अस्तित्वातच नाही असे धरले गेले, हाही इतिहास आहे. भारतात १९९८-९९ मध्ये सहा राज्यांत वेळेच्या वापराची पहिली मोठी पाहणी झाली. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. पुढे २०१९ मध्ये राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशव्यापी पाहणी केली. घरातील बिनमोबदल्याची कामे करणाऱ्या स्त्रियांचे त्या कामांत दिवसाकाठी सरासरी २९९ मिनिटे जातात आणि अशी कामे करणाऱ्या पुरुषांचे ९७ मिनिटे, असे तीत दिसून आले. 'बायका घरीच असतात' या वाक्यातील 'असतात' या क्रियापदाखाली जवळपास पाच तासांचे श्रम दडलेले होते. ते कवितेने सांगितले होते, ओवीने सांगितले होते. परंतु अंदाजपत्रक आखणाऱ्याला ऐकू येईल अशा भाषेत ते आकड्यानेच सांगितले.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. पुण्याजवळच्या खेड्यांत १९९० च्या दशकात गर्भवती स्त्रियांच्या पोषणाचा दीर्घ अभ्यास झाला. त्यात स्त्रियांचा आहार नोंदवला गेला, तसेच पाणी भरणे, धुणे, शेतातील कष्ट यांचीही नोंद झाली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गरोदरपणातील अधिक कष्टांचा अर्भकाच्या लहान आकाराशी संबंध दिसून आला. गरोदर बाईने विश्रांती घ्यावी हा सल्ला जुनाच आहे. पण तिच्या कष्टांची बालकाच्या वजनाशी सांगड घालून दाखवल्याने त्या सल्ल्याला जे वजन आले ते या नोंदींमुळे. रोजच्या वर्तनाची मोजणी न्यायाची साधन होऊ शकते, हे मान्य करूनच पुढे गेले पाहिजे.

३

आता ही वही एखाद्या ठरावीक गावात नेऊन पाहावी. चिपळूण तालुक्यातील सावर्डे हे मुंबई-गोवा महामार्गावरील गाव. कातेचा व्यवसाय, शिक्षणसंस्था, कोकण रेल्वेचे स्थानक आणि जवळच डेरवण येथील वालावलकर रुग्णालय यांमुळे पंचक्रोशीत त्याला महत्त्व आहे. त्या रुग्णालयातर्फे रत्नागिरी जिल्ह्यातील १६ ते १८ वर्षांच्या मुलींच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला गेला आहे. संशोधक दारी येणे ही या परिसराला आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. कोणत्याही प्रत्यक्ष पाहणीशी संबंध न जोडता, केवळ विचाराच्या सोयीसाठी असे कल्पावे, की सावर्ड्याच्या एखाद्या वाडीतील चाळिशीच्या स्त्रीला सात दिवसांसाठी अशी वही देण्यात आली आहे. पानावर अर्ध्या अर्ध्या तासाचे कप्पे आहेत आणि प्रत्येक कप्प्यात 'काय केले' ते लिहायचे आहे.

पहिली अडचण 'काम' या शब्दाचीच आहे. पहाटे उठून तिने चूल पेटवली, पाणी तापत ठेवले, गोठ्यात डोकावून आली, मुलाला हाक मारली आणि सासऱ्यांचा चहा टाकला. हे सारे एकाच अर्ध्या तासात आणि पुष्कळसे एकाच वेळी घडले. कप्पा मात्र एक आहे. पाहणीच्या नियमांत अशा वेळी एक काम प्रमुख मानण्याची सोय असते. पण प्रमुख कोणते ते ठरवायचे कोणी? लिहिणारी 'चहा केला' असे लिहील, कारण चहा मागणारा माणूस समोर होता. मुलाकडे आणि चुलीकडे असलेले लक्ष ती लिहिणार नाही. ते तिला काम वाटत नाही. किंवा ती नुसतेच 'घरकाम' असे लिहील, आणि पुढच्या सहा कप्प्यांत खुणेच्या दोन रेघा ओढील.

दुसरी अडचण 'नेहमीचा दिवस' या कल्पनेची आहे. १९९८-९९ च्या पाहणीत दिवसांचे सामान्य, आठवड्यातील वेगळा आणि असामान्य असे प्रकार केले होते. सांख्यिकीच्या दृष्टीने हे आवश्यकच होते. पण सावर्ड्यातील सामान्य दिवस कोणता? मृगानंतर तरवा काढून लावणी सुरू झाली की अख्खे घर चिखलात उभे असते. पावसाळ्यापूर्वीची राबाची भाजणी हा आणखी वेगळा दिवस. शिमग्यात पालखी घरोघर येते, होल्टे होमासाठी माणसे पेटती लाकडे घेऊन समोरासमोर ठाकतात. गणपतीत मुंबईचे चाकरमानी उतरले की दोन माणसांच्या घरात बारा ताटे मांडावी लागतात. हे दिवस 'असामान्य' म्हणून बाजूला काढले, तर वर्षभर त्यांचीच वाट पाहत जगलेले आयुष्य बाजूला पडते. जो दिवस गावाला अर्थ देतो तोच सरासरीला बाधक ठरतो.

तिसरी अडचण अधिक नाजूक आहे. वही ठेवायची कुठे? माजघरातल्या फडताळात ठेवली तर कोणीही उघडील. नवरा वाचील, नणंद वाचील, शाळेत जाणारी मुलगी तर वाचीलच. कदाचित तीच आईच्या वतीने लिहीत असेल. संशोधकाने गुप्ततेची हमी दिलेली असते, पण ती हमी गोळा झालेल्या वहीविषयीची असते. घरात पडून असलेल्या वहीला तिचा उपयोग नाही. दुपारी माहेरी फोन केला, बचतगटाचे पैसे वेगळे ठेवले, रात्री मार खाल्ला, यांपैकी काय लिहायचे हे ती स्त्री संशोधकाकडे पाहून ठरवत नाही, घराकडे पाहून ठरवते. कोऱ्या राहिलेल्या कप्प्याला संशोधनाच्या भाषेत 'अनुपलब्ध माहिती' म्हणतात. त्या घरात तो स्वसंरक्षणाचा उपाय असू शकतो.

आपल्याकडील मोठ्या पाहण्यांत वही लोकांच्या हाती न देता प्रगणकाने विचारून लिहिण्याची पद्धत आहे. २०१९ च्या पाहणीत आदल्या पहाटे चारपासून त्या पहाटे चारपर्यंतचा दिवस अशा रीतीने नोंदवला गेला. साक्षरतेचा विचार करता हे योग्यच होते. परंतु त्यामुळे रोजनिशीला लिहिणारा आणि जगणारा असे दोन कर्ते मिळाले. 'काल दुपारी काय केलेत?' या प्रश्नाला ओटीवर, चारचौघांच्या देखत, 'काय नाय, घरीच होते' असे उत्तर येते, तेव्हा त्या 'काय नाय'चे मिनिटांत रूपांतर करण्याचे कौशल्य प्रगणकाच्या अंगी असावे लागते. ते रूपांतर हा अर्थनिर्णयाचा व्यापार आहे.

४

अशा नोंदी खऱ्या असतात का, या प्रश्नाचे एक प्रसिद्ध उत्तर २००२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आले. आर्थर स्टोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दीर्घकाळ वेदनेने पीडित असलेल्या ४० प्रौढांना कागदी रोजनिशी दिली. दिवसातून ठरावीक वेळी तीत वेदनेची नोंद करायची होती. वहीच्या बांधणीत प्रकाश ओळखणारी संवेदके बसवलेली होती, म्हणजे वही केव्हा उघडली हे कळत होते. रुग्णांना मात्र याची कल्पना नव्हती. भरून आलेल्या वह्यांवरून ९० टक्के नोंदी वेळेवर झाल्याचे दिसत होते. प्रत्यक्षात वेळेवर झालेल्या नोंदी ११ टक्के होत्या. जवळपास एकतृतीयांश दिवशी वही मुळी उघडलीच गेली नव्हती, तरी त्या दिवसांची पाने भरलेली होती.

या निष्कर्षाचा संशोधनपद्धतीवर मोठा परिणाम झाला आणि तो व्हायलाच हवा होता. वेदनेच्या नोंदींवरून औषधे ठरतात. मागाहून भरलेल्या पानांमुळे दुसऱ्या एखाद्या रुग्णाला निरुपयोगी औषध मिळू शकते. तेव्हा या असत्याला निरागस म्हणता येणार नाही. पण त्याला 'खोटे' म्हणून मोकळे होणेही पुरेसे नाही. रुग्णांनी वेदना कल्पिल्या नव्हत्या, वेदनेची वेळ कल्पिली होती. चार दिवसांच्या आठवणी एका बैठकीत, वेगवेगळ्या दिवसांच्या नावे लिहिल्या होत्या. साहित्याच्या परिभाषेत सांगायचे तर त्यांनी आठवणींना रोजनिशीचा वेष दिला. आपल्या आत्मचरित्रपर वाङ्मयाचा अभ्यास करणाऱ्याला हे परिचित आहे. दिनांक घातलेले प्रत्येक पान त्या दिनांकालाच लिहिले गेले असे तो धरून चालत नाही. दिनांक हा तेथे वाचकाशी केलेल्या कराराचा भाग असतो. त्या रुग्णांनीही एक करार पाळण्याचा देखावा केला, कारण वही देणाऱ्या माणसाला निराश करणे त्यांना जड वाटले असावे. पान कोरे ठेवण्याची मुभा आहे असे वाटले असते, तर कदाचित त्यांनी ते कोरे ठेवले असते.

येथे आणखी एका गोष्टीकडे दुर्लक्ष करता येत नाही. रुग्णांची अप्रामाणिकता उघड झाली ती संशोधकांनी स्वतः काही लपवल्यामुळे. या लपवण्याला पद्धतिशास्त्रीय समर्थन आहे. संवेदक ठाऊक असते तर प्रयोगच निरर्थक ठरला असता. तरीही एका बाजूच्या लपवण्याला 'पद्धती' आणि दुसऱ्या बाजूच्या लपवण्याला 'त्रुटी' असे नाव मिळते, हे लक्षणीय आहे. उलट बाजूचे उदाहरण मॅलिनोव्स्की यांचे. दुसऱ्यांचे दैनंदिन जीवन बारकाईने टिपण्याची शिस्त ज्यांनी मानवशास्त्राला लावली, त्यांची पोलिश भाषेतील खाजगी रोजनिशी त्यांच्या मृत्यूनंतर १९६७ साली प्रसिद्ध झाली. तीत ज्यांचा अभ्यास चालला होता त्या लोकांविषयीची चीड आणि तुच्छता होती, एकाकीपण होते, वासना होती. त्यांची विद्याशाखा हादरली. ती प्रसिद्ध करायला नको होती असेही म्हटले गेले. संशोधकाच्या रोजनिशीविषयी जी कुचंबणा वाटली, ती संशोधिताच्या रोजनिशीविषयी सहसा वाटत नाही. संशोधकाने आपली वही जगासमोर ठेवावी अशी अपेक्षा यातून निघत नाही. आपली वही द्यायला जितका संकोच वाटेल तितक्याच संकोचाने त्याने दुसऱ्याची वही मागावी, एवढे मात्र निघते.

५

रोजनिशीवर आणखी एक आक्षेप घेतला जातो, तो असा की नोंद करण्यामुळेच वर्तन बदलते. खाल्लेले लिहायचे म्हटले की माणूस कमी खातो. विज्ञानाच्या दृष्टीने हा दोष आहे, कारण मोजण्याची वस्तू मोजण्याने बदलली. पण आत्मपरीक्षणाच्या परंपरेत हेच रोजनिशीचे फळ मानले गेले. बेंजामिन फ्रँकलिन यांनी तेरा सद्गुणांचा तक्ता करून त्यात रोज आपल्या चुकांच्या खुणा केल्या, त्या बदल घडावा म्हणूनच. लिहिल्याने बदलला नाही तर साधकाची रोजनिशी व्यर्थ गेली. लिहिल्याने बदलला तर संशोधकाची. एकाच कृतीचे असे दोन विरुद्ध निकष असतील, तर वही हाती देणाऱ्याने आपण काय देतो आहोत याचा विचार करणे भाग आहे.

सावर्ड्याच्या त्या स्त्रीकडे पुन्हा वळावे. समजा, तिने सातही दिवस प्रामाणिकपणे लिहिले. सातव्या रात्री तिने पाने चाळली आणि जेवणाखेरीज आपण कुठेच बसलेलो नाही हे तिला दिसले. हे तिला ठाऊक नव्हते असे नाही, पण वाचलेले नव्हते. दुसऱ्या दिवशी वही नेली जाते. एका आकड्यात तिची भर पडते, आणि ते ज्ञान तिच्याजवळ एकटे उरते. त्याचे तिने काय करावे? संमतिपत्रात वहीचा उल्लेख असतो, रक्त घ्यायचे असेल तर त्याचाही असतो. स्वतःचा दिवस परक्यासारखा पाहण्याने होणाऱ्या अस्वस्थतेचा उल्लेख कोणत्या कलमात करायचा? ही अस्वस्थता वाईटच असते असे नाही. कदाचित तीतून घरात एखादा वाद होईल आणि तो होणे इष्टही असेल. पण ती ज्याने निर्माण केली त्याने परत न येणे, हे नैतिकदृष्ट्या समर्थनीय नाही.

६

या सर्व अडचणींवर आता यंत्राचा उपाय सांगितला जातो. मनगटावरचा पट्टा पावले मोजतो, झोप मोजतो. भ्रमणध्वनी ठरावीक वेळी प्रश्न विचारतो आणि उत्तराची वेळ स्वतःच नोंदवतो. स्टोन यांच्या प्रयोगातही इलेक्ट्रॉनिक रोजनिशीतील वेळेवरच्या नोंदींचे प्रमाण ९४ टक्के होते. अचूकतेच्या दृष्टीने हा मोठा लाभ आहे. मात्र पट्ट्याला विहिरीवरची फेरी आणि हौसेची फेरी यांतला भेद कळत नाही. तिन्हीसांजेला दाराशी उभे राहून मुंबईच्या गाडीची वाट पाहणे त्याच्या लेखी निश्चलता असते. त्याहून महत्त्वाचे असे, की कागदाच्या वहीत गप्प राहता येत होते, पान कोरे ठेवता येत होते, प्रसंगी खोटेही लिहिता येत होते. यंत्रापुढे हा अवकाश उरत नाही. रोजनिशीच्या अविश्वसनीयतेत माणसाच्या स्वातंत्र्याचा काही अंश सामावलेला असतो. तो अंश संपूर्ण पुसून टाकू पाहणाऱ्या पद्धतीला वर्तन हाती लागेल, वर्तन करणारा लागणार नाही.

यावर असा आक्षेप येईल, की मग कोणताच आकडा विश्वासार्ह मानता येणार नाही आणि २९९ मिनिटांचे सत्यही हवेत विरून जाईल. तसे होण्याचे कारण नाही. साक्षीवरून निर्णय करणे माणसाला नवीन नाही. न्यायालय तेच करते. फरक इतकाच, की तराजू वस्तूला काही देणे लागत नाही, न्यायालय मात्र साक्षीदाराला देणे लागते. साक्षीदाराला काय विचारले जात आहे आणि का, हे त्याला कळले पाहिजे. काही प्रश्नांना उत्तर न देण्याची त्याला मुभा असली पाहिजे. त्याचे म्हणणे त्याच्या शब्दांत नोंदले गेले पाहिजे आणि निकाल त्याला ऐकवला गेला पाहिजे. रोजनिशी ही दिवसाची साक्ष आहे असे मानले, तर हीच बंधने संशोधकावर येतात. ती पाळल्याने आकडे दुबळे होत नाहीत. कोरे पान लाजिरवाणे नाही हे ज्याला सांगितले आहे, तो ते भरण्याचा देखावा करण्याची शक्यता कमी. 'घरकाम' या शब्दाखाली काय काय येते हे जिला विचारले आहे, तिच्या नोंदीतून अधिक कळते. नीती आणि अचूकता येथे पुष्कळशा एकाच वाटेने जातात.

रानड्यांना पेशव्यांच्या कारकुनांकडे परत जाणे शक्य नव्हते. आजच्या संशोधकाला ते शक्य आहे. सावर्ड्याला रेल्वे थांबते. वही गोळा केल्यानंतर वर्षभराने का होईना, त्याच वाडीत, त्याच ओटीवर बसून, तुमच्या त्या सात दिवसांतून आम्हांला काय कळले आणि काय कळले नाही, हे तिला तिच्या भाषेत सांगणे हा संशोधनाचा शेवटचा टप्पा मानला गेला पाहिजे. त्या वेळी ती आपल्या लिहिण्यात एखादी दुरुस्ती सुचवील. ती दुरुस्ती तक्त्यात कोठे बसवायची हा प्रश्न मग उरेल, पण तो विचारण्याजोगा प्रश्न असेल.